स्कूटर रेस घेते पण ओढत नाही, अन् बेल्ट पुन्हा पुन्हा जातो: दोष कुठं शोधायचा

"रेस देतो त नुसती बोंबलते भाऊ, पण घाटात उचलतच नाही."

हीच तक्रार घेऊन एक दूधवाले काका आठ महिन्यांत तीनदा आले. ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन लावून परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याच्या हॉटेलांना दूध पोचवतात, रोज पहाटे. पहिल्यांदा बेल्ट मी टाकला. दुसऱ्यांदा घाईत होते म्हणून त्यांनी दुसरीकडं टाकून घेतला. तिसऱ्यांदा कव्हर उघडलं तेव्हा आत काळ्या रबराची भुकटी मूठभर निघाली आणि बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकाकत होत्या. काका म्हणाले, "बेल्ट टाकून दे अन् मले सोड, सकाळी दूध हाय." मी त्यांना माझी गाडी दिली आणि त्यांची ठेवून घेतली.

नवा बेल्ट टाकला की गाडी आठ-पंधरा दिवस झकास चालते, म्हणून दोष गेला असं वाटतं. तिथंच चूक होते. ज्यानं जुना बेल्ट खाल्ला तो आतच बसलेला असतो आणि नव्यालाही खातो. हे लिहायचं कारण एवढंच की आमच्याकडं, विशेषतः कापूस-संत्र्याच्या हंगामात, अशा गाड्या रांगेनं येतात. गरीब माणूस वर्षाला तीन-तीन बेल्टचे पैसे भरतो आणि शेवटी "ही गाडीच खराब" म्हणून मातीमोल भावात विकतो. गाडी खराब नसते.

आधी दोष इंजिनचा की क्लचच्या बाजूचा, हे ठरवा. गाडी मुख्य स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक धरून बसलाय. ड्रम ब्रेकच्या कॅमला गंज चढला की शू, म्हणजे ड्रमला आतून धरणारे तुकडे, परत येत नाहीत, आणि पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. दोन मिनिटांचं काम असतं, त्यासाठी अख्खा क्लच उघडलेला मी पाहिला आहे. टायरमधली हवाही बघा. मग चालवून बघा. ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनच चढत नसेल, घुसमटत असेल, तर एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल, कॉम्प्रेशन बघा. इंजिन मात्र मोकळं चढतंय, आवाज वाढतोय आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते डोळ्यासमोर असल्याशिवाय दोष सापडत नाही. क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, पुढची पुली असते, तिच्या पोटात सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीचे दोन भाग जवळ ढकलतात. बेल्ट पुढं वर चढतो, मागच्या पुलीत तेवढाच खाली उतरतो, आणि गाडी 'वरच्या गिअरला' जाते. मागची पुली एका जाड स्प्रिंगनं आवळलेली असते. शिवाय तिचा हलता भाग तिरप्या खाचांतल्या पिनांवर सरकतो. चढ लागला, चाकावर भार आला, की त्या तिरप्या खाचा पुलीला आणखी आवळतात, बेल्ट परत वर येतो आणि गाडी आपोआप 'खालच्या गिअरला' उतरते. मागच्या पुलीपुढं क्लच असतो. ठराविक वेगाला, साधारण अडीच-तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) आसपास, त्याचे शू बाहेर फाकून ड्रमला धरतात.

म्हणजे घसरायच्या जागा दोन: शू ड्रमवर घसरतील, नाहीतर बेल्ट पुलीवर घसरेल. दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. गाडी उभ्यावरून उचलतानाच थरथरते, झटके देते, जळका वास येतो, पण एकदा वेग धरला की नीट चालते, तर क्लच. ड्रम काढून बघा, आतून निळसर-जांभळे डाग असतील तर तो तापला आहे. शूवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरनं हलक्या हातानं मारा. ती भुकटी तोंडानं फुंकू नका, हवाही मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि नाकाला रुमाल बांधा. याउलट गाडी उचलते बरी, सपाट रस्त्यालाही बरी, पण चढ लागला की आवाज एकदम वर आणि वेग खाली, आणि आत रबराची भुकटी, तर बेल्ट घसरतोय.

आणखी दोन तऱ्हा आहेत, ज्यात काहीच घसरत नाही. उचलायला जड, पण पुढं पळते: पुढची पुली वरच अडकली आहे, खाली परतत नाही. उचलते छान, पण चाळिशीच्या पुढं नुसता आवाज: पुली खालीच अडकली आहे, किंवा बेल्ट झिजून अरुंद झाला आहे. अडकायचं कारण बहुतेक वेळा पुली ज्या नळीवर सरकते ते बुश. त्यावर धूळ आणि जुनं ग्रीस मिळून डिंकासारखा थर बसतो.

काकांच्या गाडीत बेल्ट घसरत होता. का, ते शोधायला मला दोन दिवस लागले.

पहिलं कारण कव्हर उघडायच्या आधीच दिसायला हवं होतं. बेल्टच्या घराला बाहेरून थंड हवा घ्यायची वाट असते. पुढच्या पुलीच्या चेहऱ्यावर पंख्यासारखी पाती असतात, ती हवा ओढतात आणि दुसऱ्या बाजूनं गरम हवा बाहेर पडते. काही गाड्यांत त्या वाटेवर फोमची जाळी असते. काकांच्या गाडीत ही वाट कापसाच्या तुसानं आणि धुळीनं वाकळीसारखी गच्च भरली होती, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. त्यात डांबरी रस्त्याची धग, इंजिनची धग, आणि ४० लिटर दूध घेऊन फुल ॲक्सिलरेटर. बेल्टला श्वासच नव्हता. रबर तापलं की कडक होतं, कडक झालं की घसरतं, घसरलं की आणखी तापतं.

दर सर्व्हिसिंगला इंजिनचा एअर फिल्टर सगळे बघतात. क्लचच्या कव्हरची हवेची वाट क्वचितच कोणी बघतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि तूर काढायच्या वेळी ती महिन्यातून एकदा साफ करा. फोम असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, पिळून पूर्ण वाळवा आणि मगच बसवा.

दुसरं कारण मागच्या पुलीत होतं. मी ती पूर्ण खोलली. स्प्रिंग दाबून धरूनच नट काढायचा, नाहीतर ती तोंडावर येते, हे आधीच सांगून ठेवतो. आत पिनांच्या खाचा कोरड्याठाक होत्या. ग्रीस धरून ठेवणारे रबरी सील उन्हानं वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखे कडक झाले होते, ग्रीस बाहेर उडालं होतं आणि त्यातलं थोडं बेल्टच्या वाटेवर गेलं होतं. म्हणजे दुहेरी नुकसान. खाचा कोरड्या म्हणून चढावर पुली आवळली जात नव्हती, आणि जी काही आवळत होती तिच्या चेहऱ्यावर तेलकटपणा. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर अर्धं बोट बुटकी भरली.

चढावर ओढ जाते तेव्हा बहुतेकांचा हात आधी पुढच्या रोलरकडं जातो. माझा अनुभव उलटा आहे. ओझं वाहणाऱ्या गाडीत मागची पुली आधी बघा.

तिसरं कारण रोलर. सहाही एका बाजूनं चपटे झाले होते. चपटा रोलर गोल फिरत नाही, घसटत जातो आणि मध्येच अडतो. मी ते गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलले. सराफदादांनी आधी फडक्यानं पुसून घ्यायला लावले, मग एकेक ठेवला. चार जवळजवळ सारखे, दोन अर्ध्या ग्रॅमनं हलके. एवढ्याशा फरकानं काय होतं असं वाटेल, पण हे रोलर मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात. अर्धा ग्रॅम तिथं अर्धा ग्रॅम राहत नाही.

सगळं एकदम बदललं असतं तर गाडी सुधारलीच असती, पण खरा चोर कोण होता ते कधीच कळलं नसतं. म्हणून एकावेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी. ही शिस्त मी बर्फावरच्या गाड्या ट्यून करणाऱ्या लोकांकडून घेतली. स्नोमोबाईल, ज्या आपल्याकडं गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात, त्यांच्यातही हाच पट्टा आणि ह्याच दोन सरकत्या पुल्या असतात. फरक एवढा की तिथं वेगळा क्लच नसतो. पुढची पुलीच बेल्टला सोडते आणि धरते, म्हणून पुढच्या पुलीतही स्प्रिंग असते आणि रोलरऐवजी हेलकावणारी वजनं असतात. मागच्या पुलीत आपल्या तिरप्या खाचांच्या जागी तिरपा उतार असलेला कॅम असतो आणि त्याचा कोन बदलून मिळतो. कोन जास्त असला तर गाडी लवकर वरच्या गिअरला जाते, कमी असला तर चढावर पटकन खाली उतरते. त्या लोकांचं ध्येय एकच असतं: ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की इंजिन जिथं सगळ्यात जास्त ताकद देतं त्याच आरपीएमवर टिकून राहावं, रस्ता कसाही असो. आरपीएम त्याच्या वर गेलं तर वजनं वाढवायची, खाली राहिलं तर घटवायची. उंचीवर हवा विरळ होते, हजार मीटरला इंजिनची साधारण दहा टक्के ताकद जाते, म्हणून डोंगरावर ते वजनं हलकी करतात.

आपला चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. म्हणजे बर्फ सोडला तर काकांचा प्रश्न अगदी तोच होता.

चाचणीसाठी घाटातले किलोमीटरचे दोन दगड धरले. तोच माणूस, मागं युरियाची ४५ किलोची गोणी घट्ट बांधलेली, टायरमध्ये तीच हवा, सकाळी सहाची वेळ म्हणजे ऊन आणि वाहनं दोन्ही नाहीत. खालच्या दगडापासून ॲक्सिलरेटर पूर्ण उघडायचा आणि वरच्या दगडापाशी काटा किती ते वहीत लिहायचं. प्रत्येक बदलाला तीन फेऱ्या, कारण एका फेरीवर विश्वास ठेवता येत नाही. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर बाजारात मिळतो, तो लावला. ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरची पूर्ण ताकद साडेसात-आठ हजारांच्या आसपास असते, तेवढं डोक्यात ठेवलं.

नुसता नवा बेल्ट टाकून वरच्या दगडापाशी वेग ३१. हवेची वाट साफ करून पुन्हा तेवढाच, ३१-३२. पण एक फरक होता: आधी तिसऱ्या फेरीला वेग २८ वर घसरायचा, आता तिन्ही फेऱ्या सारख्या. गरम झाल्यावर मार खाणं थांबलं. मग मागची पुली: सील नवे, स्प्रिंग नवी कंपनीच्याच मापाची, खाचांत जास्त उष्णता सोसणारं ग्रीस नखभर. वेग ३६. सगळ्यात मोठी उडी हीच. मग मूळ वजनाचे नवे रोलर: ३८, आणि उचलताना जो गचका बसायचा तो गेला.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मीटर घाटात साडेसहा हजारांच्या पुढं जात नव्हता, म्हणून प्रत्येकी एक ग्रॅम हलके रोलर टाकून बघितले. मीटर सात हजारांच्या वर टिकला, वेग ४०. काका खूश. पण परतवाडा-अचलपूर सपाट रस्त्यावर पन्नासलाच इंजिन ओरडायला लागलं आणि पेट्रोल जास्त प्यायला लागलं. शेवटी तीन मूळ वजनाचे आणि तीन हलके, एकाआड एक. असं एकाआड एकच बसवायचं, नाहीतर पुली एका बाजूला भार धरते. ज्याला घाट नाही, ज्याची गाडी वर्ध्या-अमरावतीच्या सपाट मुलखात शाळेत आणि बाजारात जाते, त्यानं मूळ वजन बदलूच नये.

बेल्ट पूर्ण वर जातो की नाही हे बघायला एक साधा उपाय आहे. पुढच्या पुलीच्या उतरत्या चेहऱ्यावर, मध्यापासून कडेपर्यंत, मार्करनं सरळ रेघ ओढा. कव्हर लावून सपाट रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरनं एक फेरी मारा आणि उघडा. बेल्ट जिथंपर्यंत चढला तिथंपर्यंत रेघ पुसलेली असते. कडेला बरीच रेघ शिल्लक असेल तर बेल्ट झिजलाय, रोलर अडतायत, किंवा कोणीतरी मागं फार कडक स्प्रिंग टाकली आहे. कडक स्प्रिंगनं पिकअप वाढतो म्हणून पोरं ती हौसेनं टाकतात. चढावर मदत होते हे खरं, पण बेल्ट सतत जास्त दाबला जाऊन तापतो. आपल्या उन्हात ती टाकू नका असंच मी सांगतो.

तापमान बघायचं तर बाजारातली मशीनसाठीची थर्मामीटर बंदूक घ्या. कोरोनाच्या काळातली कपाळाला लावायची चालत नाही, तिचं माप चाळिशीच्या थोडं पुढं संपतं. फेरीहून आल्याबरोबर कव्हरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचं तापमान घेऊन वहीत लिहा. इंजिनमुळं पुढची बाजू थोडी जास्त असणारच. मागची बाजू दर फेरीला चढत गेली तर घसरणं मागं आहे. कव्हर काढून गाडी चालू करून बघायचा मोह मात्र आवरा. बेल्ट तुटला तर चाबकासारखा येतो, आणि मुलं नेमकी जवळ उभी असतात.

बेल्टला काहीही लावू नका. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात तशी इथं लावणारे मी पाहिलेत. रॉकेल-पेट्रोलनं बेल्ट पुसणारेही आहेत, त्यानं रबर फुगतं. पुल्यांचे चेहरे थिनरनं पुसा, वाळू द्या आणि बेल्ट धरताना हात साबणानं धुतलेले असू द्या. पुसूनही तेलकटपणा परत आला तर क्रँकचं किंवा मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. ते बदलल्याशिवाय नवा बेल्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. नव्या बेल्टची रुंदी त्याच दिवशी व्हर्नियरनं मोजून कव्हरच्या आत खडूनं नव्हे, वहीत लिहा. मर्यादा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. डोळ्याला चांगला दिसणारा बेल्टही मापात संपलेला असू शकतो.

आता बसवतानाची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नवा बेल्ट टाकूनही गाडी महिन्याभरात परत येते ती बरेचदा हिच्यामुळं. मागची पुली दोन्ही हातांनी फाकवून बेल्ट तिच्यात आधी खोल दाबायचा. मग पुढं बेल्ट सैल पडतो. तो बोटानं खाली दाबून ठेवायचा, पुढच्या पुलीचा बाहेरचा भाग पूर्ण आत जाऊन बसला, क्रँकच्या दात्यांवर बसला, हे नजरेनं बघायचं आणि मगच नट लावायचा. बेल्ट ताणलेला राहिला तर तो दोन्ही भागांच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट झाला असं हाताला वाटतं, खरं तर तो बेल्टवर टेकलेला असतो. गाडी चार किलोमीटर चालली की बेल्ट आपली जागा घेतो, नट सैल होतो, आणि मग पुली क्रँकचे दाते खात बसते. तेव्हा खर्च बेल्टचा राहत नाही, क्रँकचा होतो. नट आवळताना पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवायचाही नाही. एक पातं तुटलं की हवा कमी आणि तोल गेला. पुली धरायचा होल्डर फार महाग नाही, तो घ्याच. आवळल्यावर गाडी स्टँडवर हळू चालू करा आणि थोडा वेळ मागचं चाक सावकाश फिरू द्या.

चाक आयडलिंगलाच जोरात फिरत असेल, ब्रेक धरूनही गाडी पुढं सरकत असेल, तर आयडलिंग चढलेलं आहे किंवा शूच्या छोट्या स्प्रिंग ताणल्या गेल्या आहेत. त्या तिन्ही एकदम बदला, एकटी नाही.

एक गोष्ट चालवणाऱ्याच्या हातात असते. घाटात पुढं ट्रक अडला की बरेच जण ब्रेक न धरता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. तेव्हा शू ड्रमवर अर्धवट घासत राहतात आणि मिनिटभरात जळतात. काळ्या मातीच्या पांदणीत चाकाला चिखलाचा गारा चिकटून चाक मडगार्डमध्ये अडलं असतानाही लोक पिळतच राहतात. तिथं उतरावं, काडीनं गारा काढावा आणि मग निघावं. काकांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "हे कोणी सांगितलंच नाही ना आजपर्यंत."

त्यांचा चौथा बेल्ट टाकून आता अकरा महिने झाले. परवा कव्हर उघडलं, भुकटी चिमूटभर, कडा मऊ आणि काळ्या. रुंदी मोजली, वहीतल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटरही कमी नव्हती. कुंभारणीनं मात्र हवेच्या तोंडाशी पुन्हा घर सुरू केलं होतं. ते काढलं, फोम धुऊन उन्हात ठेवला, तोवर काकांनी चहा सांगितला.